घंटावाल्याची करंगळी

रेन्स्केच्या छप्पन्नाव्या वाढदिवसाला, भर दुपारी, बावीस पाहुण्यांच्या देखत तिचा नवरा हेसल नोर्डहोफ किंचाळला. स्वयंपाकघरात केक कापत असलेल्या रेन्स्केला वाटलं, मांजराची शेपटी दारात सापडली. किंचाळून झाल्यावर हेसलने एक शब्दही उच्चारला. तो शब्द त्याच्या सासूबाईंनी याआधी फक्त बंदरावर, तोही लहानपणी ऐकला होता, आणि घरी येऊन उच्चारल्याबद्दल मार खाल्ला होता.

ज्यांच्या तोंडावर हे झालं ते आमच्या नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्याचे सभापती, फान स्विंडरेन. रेन्स्केच्या गायनमंडळात ते खर्जात गातात, म्हणून बोलावलेले. त्यांचा तसा काही गुन्हा नव्हता. आमच्याकडे वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात, आणि येणारा प्रत्येक जण त्या गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवून त्याचं अभिनंदन करतो. मुलीच्या वाढदिवसाबद्दल आईचं, बायकोच्या वाढदिवसाबद्दल नवऱ्याचं, आणि काहीच नातं नसेल तर शेजारी राहिल्याबद्दल शेजाऱ्याचं. हेसल या दिवसाला महिनाभर आधीपासून घाबरत होता. एकवीस जणांना त्याने डावा हात दिला, उजव्या हातात मुद्दाम बशी धरून. सभापतींनी ती बशी प्रेमाने काढून घेतली, टेबलावर ठेवली, आणि शेतकऱ्याच्या मुलाला शोभेल अशा जोराने त्याचा उजवा हात दाबला.

"अभिनंदन, नोर्डहोफ," ते म्हणाले, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

सासूबाईंनी विचारलं, "कॉफी आणखी कुणाला?" सगळ्यांनी एकदम हात वर केले. हेसल का किंचाळला हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला चुकीचं ठाऊक होतं.

त्याचं असं आहे. हेसल नोर्डहोफ हा आमच्या गावचा घंटावादक. चौकातल्या मनोऱ्यात सदतीस घंटा आहेत. दर पाव तासाला त्या यंत्र वाजवतं, ते कुणी ऐकत नाही. पण शनिवारी, बाजाराच्या दिवशी, अकरा ते बारा हेसल स्वतः वाजवतो. एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या चढायच्या, लाकडी दांड्यांच्या रांगांपुढे बसायचं, मूठ आवळायची आणि करंगळीच्या बाजूने ते दांडे हाणायचे. दांड्याला तार, तारेला घंटेतला लोळा, लोळा घंटेवर. सत्तावीस वर्षं तो हे करत आला. इतर दिवशी तो ग्रंथालयात उशिरा पुस्तकं आणणाऱ्यांना पत्रं पाठवतो, पण त्याचा प्राण मनोऱ्यात. आणि जानेवारीत सभापती फान स्विंडरेन यांनी प्रस्ताव मांडला होता की शनिवारचा तासही यंत्राकडेच द्यावा. यंत्र आजारी पडत नाही, सुट्टीवर जात नाही, असं ते सभेत म्हणाले. आणि जरा थांबून म्हणाले, चुकतही नाही.

हे शेवटचं कुणाला उद्देशून होतं ते सांगायला नको. हेसल दोन वर्षं चुकत होता.

त्याच्या उजव्या करंगळीच्या नखाखाली काहीतरी दुखत होतं. दिसायला काही नाही. सूज नाही, पू नाही, जखम नाही. नखाखाली निळसर सावली आहे असं त्याला वाटे. ती ग्रंथालयाची शाई आहे असं रेन्स्केला वाटे. पण त्या नेमक्या जागी काही टेकलं, कोटाची बाही जरी लागली, तरी दंडापर्यंत कळ जाऊन डोळ्यांपुढे काजवे चमकत. थंडीने तर जीव जाई. फ्रीजमधून लोणी काढायचं काम त्याने सोडून दिलं, आणि त्यावरून घरात जे बोलणं झालं ते लोण्यापुरतं राहिलं नाही.

गावाचं म्हणून एक गाणं आहे, बंदरात परतणाऱ्या बोटींचं. हेसल तासाची अखेर त्यानेच करतो. त्याच्या शेवटच्या ओळीत एक उंच सूर आहे. त्याचा दांडा अगदी उजव्या टोकाला, आणि गाणं तिथे उठतं म्हणून तो सगळा जोर लावून हाणायचा. हेसलने तो एकदा हाणला, दोनदा हाणला, तिसऱ्यांदा बाकावरून खाली पडला. चौथ्या शनिवारी त्याने तो सूर गाळला. एका सुराने काय होतंय, पुढच्या आठवड्यात बरं वाटेल, असं म्हणत त्याने तो दोन वर्षं गाळला. घंटेचा गाळलेला सूर म्हणजे झाकता येणारी गोष्ट नव्हे. तीन मैलांवरच्या गाईंनाही तो कळतो. आता शाळेतली पोरं ते गाणं म्हणताना त्या जागी गपकन थांबतात, श्वास घेतात आणि पुढे जातात. हेसलच्या खिडकीखालून पोरं गात गेली की तो खिडकी लावून घेई.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडे का गेला नाही? गेला ना. निदान फोनपर्यंत तरी गेला. आमच्याकडे डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये फोनवरची बाई असते, आणि त्या बाईला ओलांडणं हे मनोरा चढण्यापेक्षा अवघड आहे.

"ताप आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"सूज? रक्त?"

"नाही."

"मग नक्की काय आहे?"

"दुखतं."

"पॅरासिटामॉल घ्या. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर फोन करा."

हेसल सरळमार्गी माणूस. तो दर दोन आठवड्यांनी फोन करत राहिला. सात महिन्यांनी बाईंनी त्याला वेळ दिली, कदाचित कीव येऊन. डॉक्टरांनी करंगळी उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "दिसत तर काहीच नाही." मग एक्स-रे झाला. तो इतका स्वच्छ आला की डॉक्टरांनी हेसलचं अभिनंदन केलं. मग, तपासण्याजोगं काही उरलं नाही म्हणून, त्यांनी त्याला मनाच्या गोष्टी ऐकणाऱ्या एका सौम्य बाईंकडे पाठवलं. त्यांच्या खोलीत खिडकीत निवडुंग होता आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा.

"तुमची करंगळी तुम्हाला काय सांगू पाहते आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"दुखतंय, असं सांगते."

"आणि त्याच्या खाली काय दडलं असेल?"

"बाई, तेच मी गेलं वर्षभर सगळ्यांना विचारतोय," हेसल म्हणाला. बाईंनी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

शेजारचा उब्बो मात्र निदानासाठी कधी अडून बसला नाही. उब्बो निवृत्त पूलवाला. कालव्यावरचा पूल चाळीस वर्षं उघडला आणि मिटला, त्यामुळे मधल्या वेळात त्याला जगातल्या सर्व विषयांवर विचार करता आला. त्याने कुंपणावरून करंगळी पाहिली आणि म्हणाला, "संधिवात. वामीची कातडी बांध."

"वाम माशाची?"

"माझ्या आजोबांनी सत्तर वर्षं गुडघ्याला बांधली. एकदाही तक्रार नाही."

"गुडघ्याची?"

"आजोबांची. आजीची होती."

हेसलने ती बांधली. हसू नका, दोन वर्षं दुखलं तर तुम्हीही बांधाल. त्या शनिवारी तो मनोऱ्यावर चढला तेव्हा त्याच्या मागून सहा समुद्रपक्षी आले आणि घंटांच्या कठड्यावर त्याच्या उजव्या हाताकडे पाहत बसले. अर्ध्या तासाने त्यातल्या धिटुकल्या एकाने निर्णय घेतला. त्या दिवशी बाजारात गाण्याच्या मध्येच जे काही ऐकू आलं त्याला सूर म्हणता येणार नाही. रेन्स्केने ती कातडी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकली.

"हेसल, आता पुरे," ती म्हणाली. "लोकांना कर्करोग होतात आणि ते कामावर जातात. तू एका नखासाठी घर डोक्यावर घेतलंयस. जरा माणसासारखा वाग."

आमच्या गावात याहून कठोर बोलणं नाही. त्या दिवसापासून हेसलने घरात करंगळीचं नाव काढलं नाही. म्हणून तर वाढदिवसाला ती किंचाळी अशी न सांगता आली.

किंचाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत गावात पक्कं झालं होतं की यंत्राचा प्रस्ताव आणणाऱ्या सभापतींना हेसलने तोंडावर सुनावलं. सत्तावीस वर्षांत ज्याने ग्रंथालयात कुणाला 'श्श' केलं नाही, तो माणूस पेटला. गाव हादरलं, आणि हादरून खूश झालं. उब्बोने संध्याकाळपर्यंत सह्यांचे कागद छापून आणले. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हेसलला हात लावाल तर याद राखा.

"उब्बो, अरे माझं नख दुखत होतं," हेसल कळवळून म्हणाला.

"हो हो," उब्बो डोळा मारून म्हणाला. "सभापतींना असंच सांग. आपण जाणतो."

आठवड्यात सहाशे चाळीस सह्या झाल्या. त्यातल्या पुष्कळ जणांनी शेरे लिहिले होते, आणि तेच हेसलला जास्त झोंबले. मासेवाल्या सीत्स्केने लिहिलं होतं: यंत्र कसं चकचकीत वाजवतं, आम्हाला आमचा चुकणारा हेसलच हवा.

आता सभापतींनी हेसलला पत्र पाठवणं भागच होतं. 'आपल्या वर्तनाचा खुलासा करावा.' हेसलने खुलासा केला: करंगळी. सभापती चिडले, पण मग घाबरले. कारण आमच्याकडे मालकाला नोकराचा आजार विचारायची कायद्याने बंदी आहे, आणि त्यांनी तर लेखी विचारलं होतं. त्यांनी घाईने दुसरं पत्र पाठवलं की पहिलं पत्र वाचू नये. शिवाय प्रकरण नगरपालिकेच्या डॉक्टरांकडे दिलं. या डॉक्टरांना आजार कळतो पण सभापतींना सांगता येत नाही. ते फक्त काय काम जमेल एवढं कळवतात. त्यांनी दोन ओळींत कळवलं: 'सदर कर्मचारी घंटावादकाची सर्व कामे करण्यास समर्थ आहे, घंटा वाजवणे सोडून.' सभापतींनी तो कागद तीन वेळा वाचला म्हणतात.

पण त्याच डॉक्टरांनी एक पुण्यकर्म केलं. हेसल जाताना त्यांनी खिडकी उघडली, बाहेरची गार हवा आत येताच हेसलने करंगळी काखेत लपवली, आणि ते पाहून ते म्हणाले, "थांबा. तुम्हाला हाताच्या सर्जनकडे पाठवतो."

सर्जन बोस्कमा बाई वयाने हेसलच्या मुलीएवढ्या. त्यांनी त्याची सगळी हकीकत शेवटपर्यंत ऐकली, वामीसकट. मग टेबलावरच्या कागदांची यू-पिन काढली, सरळ केली आणि तिच्या बोथट टोकाने नख दाबत गेल्या. "इथे?" नाही. "इथे?" नाही. केसभर पुढे सरकल्या आणि हेसल खुर्चीवरून उठून भिंतीला चिकटला.

"छान," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "बसा. आता गंमत बघू."

त्यांनी रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला, हात वर धरायला लावला आणि पट्टा फुगवत नेला. हात पांढराफटक पडला. मग पुन्हा त्याच जागी पिन दाबली. हेसलने डोळे मिटले, दात आवळले. काहीच झालं नाही. त्याने डोळे उघडले. पिन नखात रुतलेली दिसत होती आणि दुखत नव्हतं. दोन वर्षांत त्याला बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ग्लोमस गाठ," बाई म्हणाल्या. "कातडीत थंडी-उष्णता सांभाळणारी बारीक रक्तवाहिन्यांची गुंडाळी असते, तिची वाढ. रक्त थांबवलं की दुखणं थांबतं. अगदी साधी, कर्करोग बिलकूल नाही. पण दुर्मीळ. माझ्या आयुष्यातली ही तिसरी."

"म्हणजे खरंच काहीतरी आहे?"

"आहे. मसुराच्या डाळीएवढं. नोर्डहोफ, तुम्ही हे दोन वर्षं घेऊन घंटा बडवत होता?" त्यांनी मान हलवली. "मी चार विद्यार्थ्यांना बोलावलं तर चालेल?"

चार विद्यार्थी आले. हेसल ताठ बसला. करंगळी त्याने अशी पुढे केली की जणू राणीसाहेब चुंबन घेणार आहेत.

शस्त्रक्रिया पाऊण तासाची. बोट बधिर करून नख बाजूला काढलं, खालून गाठ सोडवून घेतली आणि नख परत बसवलं. बाईंनी ती छोट्या बशीत दाखवली: लालसर, चकचकीत, डाळच. रेन्स्के ती बराच वेळ पाहत राहिली.

"हेसल," ती म्हणाली, "मी तुला म्हणाले होते की माणसासारखा वाग."

"म्हणाली होतीस."

"दोन वर्षं म्हणत होते." मग ती त्याचा डावा हात धरून घरी आली, आणि त्या रात्री फ्रीजमधलं लोणी आपण होऊन बाहेर काढून ठेवलं.

सात आठवडे दांड्याला मूठ लावायची नव्हती. तेवढ्या शनिवारी यंत्र वाजवणार म्हटल्यावर उब्बोने चौकात झोपायची धमकी दिली, तेव्हा सभापतींनी माघार घेऊन शनिवार मुकेच ठेवले. यंत्राच्या प्रस्तावावर मतदान मेमध्ये, हेसलच्या पुनरागमनानंतरच्या मंगळवारी ठरलं. म्हणजे सगळं त्या एका शनिवारच्या तासावर. हेसलला वाटलं, देव आहे. लोकांनी आपल्या चुकांवर सह्या केल्या. आता ऐकू देत म्हणावं, नोर्डहोफ काय चीज आहे ते.

आणि तो तास त्याने वाजवला. असा की सत्तावीस वर्षांत वाजवला नव्हता. मूठ पडत होती, घंटा गात होत्या, करंगळी शांत. अखेरीस त्याने गाण्याला हात घातला, शेवटच्या ओळीशी आला, उजव्या टोकाच्या दांड्याकडे पाहिलं आणि सगळा जोर लावून हाणला. तो उंच सूर दोन वर्षांनी गावावरून गेला, लख्ख. हेसल बाकावर बसून रडला. मग टाळ्या ऐकायला म्हणून त्याने झडप उघडली.

खाली आरडाओरडा चालला होता. त्याला वाटलं, कौतुक. तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या आणि एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून लालबुंद झालेली रेन्स्के आत आली.

"काय वाजवलंस हे?"

"ऐकलंस ना? तो सूर?"

"सगळ्यांनी ऐकला. लोकांना वाटतंय, यंत्र लावलं. हेसल असा वाजवतच नाही म्हणतात. उब्बो म्हणतोय, तुला दवाखान्यात डांबून नगरपालिकेने घात केला. सीत्स्केने सभापतींच्या अंगावर हेरिंग माशांची बादली ओतली."

हेसल हतबुद्ध झाला. "मग मी खाली जाऊन सांगतो, मीच होतो म्हणून."

"सांगितलं मी. उब्बो म्हणाला, बायकोलाही फितवलं." तिने खाली वाकून श्वास घेतला. "हेसल, तुला शपथ आहे. गाणं परत वाजव. आणि चूक."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"रेन्स्के, मी दुखण्याने चुकत होतो. मला चुकायची हौस नव्हती. आज पहिल्यांदा नीट वाजवलं, आणि तू..."

"मंगळवारी मतदान आहे," ती म्हणाली. आणि मग हळूच, "मी ऐकलं रे. फार सुंदर होतं. मी ऐकलं ना?"

हेसल बाकावर बसला. गाणं सुरू केलं, शेवटच्या ओळीशी आला. दांडा समोर होता, करंगळी ठणठणीत होती. त्याने मूठ वर उचलली आणि मांडीवर ठेवली. घंटेच्या जागी शांतता पडली, आणि त्या शांततेत खालच्या चौकाने एकदम श्वास घेतला. मग जो जल्लोष झाला तो मनोऱ्याच्या दगडांत जाणवला. उब्बो रडत होता, असं नंतर सांगतात. हेरिंगच्या वासाच्या सभापतींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मंगळवारी एकमताने ठरलं: शनिवार कायम हेसलचा.

तेव्हापासून हेसल दर शनिवारी तो सूर गाळतो. गावाला वाटतं दुखणं बरं झालं नाही बिचाऱ्याचं, आणि लोक त्याच्याशी डाव्या हाताने हात मिळवतात.

नोव्हेंबरात एका शनिवारी असं वादळ आलं की बाजार भरलाच नाही. चौकात कुत्रं नव्हतं, पाऊस आडवा येत होता, एका घंटेचा आवाज शेजारच्या घंटेला ऐकू जात नव्हता. हेसलने झडपा लावल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि गाण्याच्या शेवटी तो सूर पुरता, पोटभर वाजवला. भिजून घरी आला तेव्हा फोन वाजत होता.

"हेसल, बरा आहेस ना रे?" पलीकडून उब्बो काळजीने विचारत होता. "थंडीने बोट जास्त धरलं का? नाही, आज चुकलास म्हणून विचारलं."

हेसलने करंगळीकडे पाहिलं. नवं नख केव्हाच पुरतं आलं होतं.

"हो," तो म्हणाला. "चुकलो खरा. पुन्हा नाही होणार."